एकविसाव्या दिवसाची नाडी

दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात तिच्या मृत्यूबद्दल हळहळायला माणसं यायची, आणि ती त्यांना चहा द्यायची.

लेखकाचं घर बघायला येणाऱ्यांचा क्रम ठरलेला होता. आधी बाहेरची खोली. तिथे खिडकीजवळ शाल पांघरून बसलेले शहाऐंशी वर्षांचे लेखक. सगळे त्यांना आजोबाच म्हणायचे, एकही नातवंड नसलं तरी. मग जिन्यामागच्या अडगळीच्या खोलीत उतरणाऱ्या सात पायऱ्या. त्या उतरताना कुणीतरी हमखास मोठ्याने आकडे म्हणायचं. आणि शेवटी भिंतीवरचा फोटो: नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. फोटोपुढे आलं की बडबडी माणसंसुद्धा गप्प व्हायची.

त्या रविवारी आलेल्या बाई शाळेत शिकवत होत्या. फोटोपुढे त्या जरा जास्तच वेळ थांबल्या.

"तुम्ही आजोबांची भाची ना?"

"हो."

"म्हणजे तुम्ही मुंगीला पाहिलं असेल."

"पाहिलंय थोडंफार."

"कशी होती हो?"

कप गोळा करता करता तिने विचार केला. "हट्टी होती. दूध प्यायची नाही."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आज असती तर तुमच्याच वयाची असती, नाही?"

"फार तर दोन-चार दिवसांचा फरक पडला असता."

खिडकीजवळून आजोबा खाकरले. ते खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. आवरतं घे, असा त्याचा अर्थ.

शेवटचा माणूस गेला, तिने दाराला कडी लावली, आणि तिथून पुढे ती त्यांना मामा न म्हणता बाबा म्हणायला मोकळी झाली. घरातला नियम होता तो. दार उघडं तर मामा, बंद तर बाबा. अडतीस वर्षांत तिची एकदाही चूक झाली नव्हती.

"दोन-चार दिवसांचा फरक, म्हणे," बाबा खूश होऊन म्हणाले. "पुस्तक तू लिहायला हवं होतंस मुंगी."

"अर्धं मीच लिहिलंय," ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

यात अतिशयोक्ती नव्हती. अतिशयोक्ती करणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

ती नऊ वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. एकवीस दिवस ती अंथरुणावर होती. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. तिने रजा काढली आणि पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसली. दिवसातून तीनदा ताप बघायचा, नाडी मोजायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहायची. उजव्या बाजूला बाबा बसायचे. ते भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. अधूनमधून मुलांच्या मासिकांत गोष्टी द्यायचे आणि त्या बहुतेक साभार परत यायच्या.

तापात मुलगी बडबडायला लागली. सात पायऱ्यांखाली एक देश आहे. तिथे चंद्र उगवत नाही, एक म्हातारा बैल रोज संध्याकाळी तो गाडीतून ओढत आणतो. तिथली माणसं आपली सावली घडी करून खिशात ठेवतात. नदी एक दिवस खाली वाहते, एक दिवस वर. बाबांनी आधी नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन बसले. पलंगाच्या एका बाजूला आकडे उतरत होते, दुसऱ्या बाजूला शब्द.

ताप जितका जास्त, तितकी बडबड सरस. पुढे समीक्षकांनी ज्या प्रकरणाला डोक्यावर घेतलं, आरशांच्या बाजाराचं, ते एकशे चार तापाचं होतं. हे आईने तिला सांगितलं होतं. आईने आणखीही एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सांगताना आईचा आवाज अजिबात चढला नव्हता. बाराव्या दिवशी कपाळावरची ओली पट्टी बदलायला आई उठली, तर बाबा म्हणाले होते, "थांब जरा. बोलू दे तिला."

पंधराव्या दिवसापासून ताप उतरू लागला. मुलीने डोळे उघडले आणि बिस्कीट मागितलं. बाबा वही मिटून बसून राहिले. रोज कचेरीतून आले की विचारायचे, "आज काही बोलली का?" आई सांगायची, "भूक लागली म्हणाली." मग ते हिरमुसून बाहेरच्या खोलीत जायचे.

देशातून मुंगी परत कशी आली हे मुलीला सांगता येईना. बरी झाल्यावर तिला तो देश आठवतच नव्हता. बाबांनाही शेवट सुचेना. म्हणून पुस्तकातली मुंगी खालीच राहिली. शेवटच्या पानावर ती स्वतःच्या सावलीची घडी घालते आणि बैलाच्या गाडीत चढते. पुस्तकाचं नाव 'सात पायऱ्यांखालचा देश'. अर्पणपत्रिकेत एकच शब्द, मुंगीस. घरात तिला त्याच नावाने हाक मारत.

इथवर कुणाचीच चूक नव्हती. चूक झाली छापखान्यात.

छपाईचे खिळे जुळवणारा माणूस कामाला चोख होता, पण रिकाम्या पानाचा त्याला तिटकारा होता. एवढ्या मोठ्या पानावर एकच शब्द! त्याला ते पान नागडं वाटलं. शेजारच्या टेबलावर आदल्या दिवशीचं काम तसंच पडलं होतं, कुणाच्या तरी निधनाच्या कार्डांचं. त्याची काळी जाड चौकट मापाला अगदी बरोबर बसत होती. त्याने ती उचलली आणि 'मुंगीस' या शब्दाभोवती लावून टाकली. पान भरल्यासारखं दिसलं. तो निश्चिंत मनाने घरी गेला.

सहा महिने पुस्तकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका वर्तमानपत्राच्या परीक्षकाने ती चौकट पाहिली. त्याने लिहिलं की आजवर मुलांसाठी इतकं धाडसी पुस्तक झालं नाही, कारण एका बापाने आपल्या मेलेल्या लेकीला हे लिहिलं आहे, आणि तिला परत आणण्याचा खोटेपणा त्याने केलेला नाही. त्या महिन्यात आवृत्ती संपली. पत्रांचा पाऊस पडला. शाळांनी मुलांकडून सांत्वनाची पत्रं लिहून घेतली.

आई तडक छापखान्यात गेली आणि खिळे जुळवणाऱ्याला फाडून खाल्लं. त्या बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तिथल्या तिथे चौकट काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबा गेले आणि त्यांनी ती परत लावायला सांगितली.

घरी येऊन बाबांनी मुलीला मांडीवर घेतलं. ती दहा वर्षांची होती, मांडीवर बसायचं वय सरलेलं. "मुंगी, आपण एक गंमत करू. लपाछपी. तू आत्याकडे जाऊन लपायचं, आणि कुणाला सापडायचं नाही. ही आवृत्ती संपेपर्यंत फक्त."

"मी जिंकले तर?"

"तर तू जिंकलीस," बाबा म्हणाले.

ती आवृत्ती संपली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. आत्याच्या गावी ती आत्याची मुलगी म्हणून वाढली, रसायनशास्त्र शिकली. ती बावीस वर्षांची असताना आई हृदयविकाराने गेली. बाबांनी वर्तमानपत्राला सांगितलं की लेकीच्या दुःखाने ती आतून खचली होती. बाबांचं करायला कुणी नव्हतं, म्हणून ती परत आली. आत्याची मुलगी म्हणजे बाबांची भाची, तेव्हा ती भाची झाली. पहिल्या आठवड्यात भेटायला आलेल्या एका वाचकाने तिला विचारलं, "त्या गेलेल्या मुलीची खोली कुठली?" तिने दाखवली. रात्री ती तिथेच झोपायची.

तिला शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी लागली. रोज चाळीस बाटल्या, चाळीस नोंदी. एकदा साहेबांनी एका विहिरीचा आकडा जरा खाली आणायला सांगितला, वरून दबाव होता. ती म्हणाली, "साहेब, पाणी बदला, मी आकडा बदलते." त्यापायी दोन वर्षं तिला बाटल्या धुण्याच्या विभागात पाठवलं. तिने दोन वर्षं बाटल्या धुतल्या. आकडा बदलला नाही.

पुस्तकाशीही ती तशीच वागली. प्रत्येक नव्या छपाईआधी ती ते पहिल्या पानापासून वाचायची आणि चुकांची यादी करायची. चौथ्या प्रकरणात नदी वर वाहण्याचा दिवस, सहाव्यातही तोच, मध्ये पाच दिवस गेलेत, म्हणजे दिशा उलटी हवी. बैलाची गाडी एका संध्याकाळी इतकं अंतर कापणं अशक्य. बत्तीस छपाया, दोनशे अकरा दुरुस्त्या. बाबांनी त्यातली एकही कधी नाकारली नाही. "तुझ्याइतकं हे पुस्तक कुणालाच कळत नाही," असं म्हणून ते सही करायचे. फक्त यादीत सर्वांत खाली ती दर वेळी लिहायची, 'अर्पणपत्रिका: चौकट काढणे', आणि त्या ओळीपुढे ते दर वेळी लिहायचे, 'पुढच्या वेळी'.

आता पुस्तकाला पन्नास वर्षं होत होती. सुवर्णमहोत्सवी आवृत्ती निघणार होती, जाड कागदाची, बाबांनी काढलेले सगळे नकाशे घातलेली. ती साठ वर्षांची होती, नोकरीतून निवृत्त झालेली. तिने यादी केली. या वेळी यादीत एकच ओळ होती.

बाबांनी भिंग लावून वाचली. "पुन्हा तेच?"

"मी कुणाला काही सांगणार नाही. पत्रक काढायचं नाही, मुलाखत नाही. भाची म्हणूनच राहते. फक्त त्या चार रेघा काढा."

"चार रेघांनी तुझं काय घोडं अडलंय?"

"तुमचं काय अडलंय?"

बाबा हसले. त्यांना अजूनही छान हसता यायचं, मुलांना आवडेल असं. "अगं, तुला सवय व्हायला हवी होती एव्हाना."

"मला एकदा ते पुस्तक उघडायचंय," ती म्हणाली, "आणि त्यात मी मेलेली नसले पाहिजे. एवढंच."

बाबांनी शाल सारखी केली.

"बरं. प्रकाशकांना नवी प्रस्तावना हवीये. मुंगीचे शेवटचे एकवीस दिवस. माझा हात कापतो आणि मला आता धड आठवतही नाही. तू लिही, माझ्या नावाने. तुझ्याकडे तुझ्या आईचे कागद आहेत. ती लिहून दिलीस की चौकट काढायला सांगतो."

"शब्द?"

"माझा शब्द."

तिने पत्र्याच्या पेटीतून कॅलेंडरची पानं काढली. आईचं पेन्सिलीतलं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. तीन दिवस ती जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होती. विशेषणं फार वापरली नाहीत. पलंगाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, एकीवर आकडे, दुसरीवर शब्द, हे जसं होतं तसं लिहिलं. मधोमध तक्ता घातला: दिवस, ताप, नाडी. सगळे आकडे आईचे, एकही इकडचा तिकडे नाही. पंधराव्या दिवसापासून ताप रोज थोडा थोडा उतरत गेला होता. तिथे बाबांनी एक वाक्य सांगितलं. 'ती रोज एकेक पायरी उतरत होती.' सात दिवस, सात पायऱ्या. वाक्य इतकं चांगलं होतं की तिने मुकाट्याने लिहून घेतलं. शेवटची ओळही बाबांनीच सांगितली. 'एकविसाव्या दिवशी सकाळी ती खाली पोचली.'

त्या ओळीच्या बरोबर वर, तक्त्यात, एकविसाव्या दिवसाची नाडी होती चौऱ्याऐंशी. ज्याला वाचता येईल त्याने वाचावं, असं मनाशी म्हणून तिने कागद पाकिटात घातले.

प्रकाशनसंस्था आता जुन्या प्रकाशकांची सून चालवायची. छापखान्यात सगळे तिला सूनबाई म्हणत. पन्नाशीची, गोड बोलणारी, हाताने काम न करता सगळ्यांकडून करून घेणारी बाई. तिला खरं काय ते ठाऊक होतं. सासरे जाताना सांगून गेले होते, तिजोरीच्या किल्ल्यांबरोबर. ती प्रस्तावना हातात घेऊनच आली आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला होता.

"ताई, काय लिहिलंय तुम्ही! मी गाडीत रडले. ड्रायव्हर विचारतो, बाई, कोण गेलं?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

"हो ना, तेच तर!" सूनबाईने तिचा हात दाबला. "आता बघा. चौकट काढायचं आजोबांनी सांगितलं मला. पण तुम्हीच सांगा, एवढी प्रस्तावना वाचून माणूस पान उलटणार, आणि समोर नुसतं 'मुंगीस'? तोंडात मारल्यासारखं होईल त्याला. ही प्रस्तावना नसती तर एक वेळ काढली असती चौकट. आता कशी काढू?"

ती बाबांकडे वळली. दार उघडं होतं. "मामा, तुम्ही शब्द दिला होता."

"मी सांगितलं की गं," बाबा म्हणाले. "शब्दाप्रमाणे सांगितलं. आता या ऐकत नाहीत, त्याला मी काय करू? आणि खरं सांगू का, तू जरा कमी चांगलं लिहायला हवं होतंस."

सूनबाई खळखळून हसली. मग आपण हसलो हे बरं दिसलं नाही असं वाटून गप्प झाली.

सुवर्णमहोत्सवी आवृत्ती निघाली. चौकटीला आतून एक बारीक चंदेरी रेघ वाढवली होती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. घरी येणारी सगळी पत्रं तीच उघडायची. बाबांच्या सहीचा रबरी शिक्काही तिच्याकडेच असायचा. हे पत्र दूरच्या गावातल्या एका निवृत्त डॉक्टरांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

'आपल्या दुःखात नाक खुपसण्याचा हेतू नाही. पण चाळीस वर्षं मी तापाचेच रोगी पाहिले, म्हणून राहवत नाही. तक्त्यात पंधराव्या दिवसापासून ताप उतरतो आहे आणि नाडीही त्याच्याबरोबर उतरते आहे. असा तक्ता मी शेकडो वेळा पाहिला, आणि दर वेळी त्या मुलाला बरं करून घरी पाठवलं. या दुखण्यात आतडं फुटून मूल दगावतं तेव्हा ताप एकदम खाली येतो आणि नाडी मात्र वर धावते. इथे तसं काहीच नाही. ही मुलगी जगायला हवी होती. नोंदीत काही चूक तर नाही?'

ते तिने उभ्याने वाचलं. मग जिन्यामागे गेली, तिसऱ्या पायरीवर बसली आणि पुन्हा वाचलं. पन्नास वर्षांत हजारो माणसं तिच्यासाठी रडली होती. तिची नाडी बघणारा हा पहिलाच.

उत्तर लिहायला तिला वेळ लागला नाही. 'नोंदीत चूक नाही. आपलं निदान बरोबर आहे. मुलगी जगली. ती आता साठ वर्षांची आहे आणि हे पत्र तीच लिहिते आहे.' सोबत तिने आईच्या मूळ पानांची प्रत जोडली. बावीस, तेवीस, चोवीस अशा पुढच्या नऊ दिवसांच्या नोंदीही. तिसाव्या दिवशी आईने लिहिलं होतं, 'शाळेत जाते म्हणून रडली.' खाली तिने आपलं पूर्ण नाव घातलं. रबरी शिक्का वापरला नाही.

पहिले चार दिवस तिने दारावरची पेटी दिवसातून दोनदा उघडली. नंतर तीनदा. बाबांनी विचारलं, "कुणाची वाट बघतेस?" "दुधाचं बिल यायचंय," ती म्हणाली. या घरात खोटं बोलणं अवघड नव्हतं.

सतराव्या दिवशी उत्तर आलं, पण पेटीत नाही. सूनबाई घेऊन आली. डॉक्टरांनी ते प्रकाशकांच्या पत्त्यावर पाठवलं होतं.

या वेळी सूनबाई गोड बोलली नाही. तिने दार आतून लावून घेतलं, पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "वाचा."

'आजोबांच्या घरी त्यांची जी भाची राहते, तिची प्रकृती ठीक नसावी, हे आपल्या कानावर घालणं मला माझं कर्तव्य वाटतं. तिने मला लिहिलं आहे की ती मुलगी म्हणजे ती स्वतःच. सोबत बनावट नोंदीही पाठवल्या आहेत. जन्मभर दुसऱ्याच्या सावलीत राहिलेल्या माणसांना असं होतं, याची मला कल्पना आहे. त्यामुळे राग नाही. पण त्या म्हाताऱ्या बापाच्या नजरेला असं काही पडू देऊ नका. हे पुस्तक मी माझ्या नातीला वाचून दाखवलं. शेवटी ती रडली, मीही रडलो. ते रडणं खोटं होतं असं मला कुणी सांगू नये. तक्त्यातली चूक तेवढी पुढच्या छपाईत सुधारावी.'

खिडकीजवळून आवाज आला. "काय म्हणतोय? मला वाचून दाखवा."

सूनबाईने वाचून दाखवलं. बाबा आधी शांत ऐकत होते. 'बनावट नोंदी' या शब्दांपाशी ते हसायला लागले, इतके की ठसका लागला आणि तिला उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"अगं मुंगी," डोळे पुसत ते म्हणाले, "इतकी वर्षं तू लपलीस, कुणाला सापडली नाहीस. आणि एकदा आपणहून बाहेर आलीस तर तो म्हणतो, ही नव्हेच!"

"जिंकले मग मी," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

सूनबाईने पिशवीतून छपाईपूर्व कागद काढले. "ताई, झालं ते झालं. मी कुणाला बोलणार नाही, पण पुन्हा असं करू नका. तुम्हाला कुठेतरी ठेवायची वेळ आमच्यावर आणू नका." हे ती इतकं सहज बोलली की त्यातली धमकी कळायला क्षणभर लागला. "पुढच्या आठवड्यात नवी छपाई आहे. तक्ता आमच्याकडच्या मुद्रितशोधकाने नीट करून घेतलाय. तुम्ही एकदा नजर टाका म्हणजे झालं."

तिने कागद ओढला. मुद्रितशोधकाने एकविसाव्या दिवसापुढे ताप लिहिला होता एकशे अकरा. नाडी लिहिली होती वीस. पंधरा ते वीस या दिवसांना त्याने हातही लावला नव्हता.

तिला ते बघवेना. "असं नसतं," ती म्हणाली.

"मग कसं असतं?"

"एकशे अकरा ताप कुणाला येत नाही. आणि नाडी वीस? बेडूक आहे का ती?" तिचा आवाज कित्येक वर्षांत पहिल्यांदा चढला. "आधी लिहिणाऱ्याला विचारायचं तरी! शाळेतलं पोरसुद्धा हसेल."

"म्हणूनच तुमच्याकडे आणलं," सूनबाई म्हणाली आणि पेन्सिल पुढे केली.

तिने पेन्सिल घेतली नाही. उठून आत गेली. दोघांना वाटलं ती रागाने गेली. ती आईची पानं घेऊन परत आली, स्वतःची पेन्सिल घेऊन आली, खुर्ची उजेडाकडे वळवून बसली. पाणी बदला, मी आकडा बदलते, असं ती एकदा म्हणाली होती. इथे पाणी केव्हाच बदललेलं होतं, सगळ्यांनी प्यायलेलंही होतं. बाटलीवरची चिठ्ठी तेवढी जुनी राहिली होती. ती कुणीतरी बदलणारच होतं, आणि दुसऱ्या कुणी बदलली असती तर चुकीची बदलली असती.

मुद्रितशोधकाचे दोन्ही आकडे तिने खोडले. अठराव्या दिवसापर्यंत आईच्या आकड्यांना हात लावायची गरज नव्हती. इतकं बरं वाटून मग उलटलेली मुलंही असतात. एकोणिसाव्या दिवशी दुपारी ताप एकदम सत्त्याण्णव. नाडी एकशे बत्तीस. शेरा: पोट कडक, घाम. वीस: ताप पुन्हा एकशे तीन, नाडी एकशे साठ, बारीक. रोज एकेक पायरी उतरण्याचं वाक्य आता जुळत नव्हतं. ते तिने काढून टाकलं.

"अरे, ते चांगलं होतं," बाबा म्हणाले.

"चूक होतं."

सूनबाई वाकून बघत होती. "आता तो डॉक्टर काही म्हणणार नाही ना?"

"नाही. आता बरोबर आहे."

एकविसाव्या दिवसापुढे ती थांबली. आईच्या मूळ पानावर तिथे चौऱ्याऐंशी होते, इंग्रजी आठाची वरची गाठ जरा उघडी राहिलेली. आईची तशी सवयच होती. तिने तो आकडा खोडला नाही, रबराने नीट पुसला, कागदावरचा चुरा फुंकला आणि त्या जागी, आणि छपाईच्या कागदावरही, आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाडी: लागत नाही.' मग मागच्या प्रत्येक छपाईला करायची तशी पानाच्या कोपऱ्यात तपासल्याची खूण केली.

"झालं का गं मुंगी?" बाबांनी विचारलं.

दार बंदच होतं. घरात परकं असं कुणी नव्हतं.

"झालं, मामा," ती म्हणाली.